हंबीररावांची फक्की

जमिनीच्या एजंटांविषयी माझं मत फार जुनं आणि फार वाईट होतं. प्लॉट दाखवायला नेतात, हवेत हात फिरवून नसलेला रस्ता दाखवतात आणि व्यवहार झाला की फोन उचलत नाहीत. त्यामुळे उचगाव ओलांडून कागलच्या बाजूला प्लॉट बघायला गेले तेव्हा हंबीररावांना मी आधीच सांगून टाकलं, "गोड बोलू नका. मी एस.टी.त कंट्रोलर होते. गोड बोलणारी माणसं रोज खिडकीतून हाकलली आहेत मी."

ते हसले नाहीत की रागावले नाहीत. स्कूटरवर पायाशी ठेवलेलं एक पोतं त्यांनी उचलून आणलं. आत फक्की होती, म्हणजे कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती चुन्याची पांढरी पूड.

"आक्का, घरात माणसं किती?"

"मी एकटी."

मग गडी वाकला आणि मोकळ्या रानात भराभरा रेघा ओढायला लागला. हा बाहेरचा सोपा, ही न्हाणी, हे स्वयंपाकघर, इथं कट्टा. "आता आत येऊन हुबं ऱ्हावा. शेगडीपाशी हुबं ऱ्हायल्यावर ऊन डोळ्यात येतंय का बगा."

येत होतं, चांगलं चरचरीत.

"मग ह्यो प्लॉट तुमचा न्हवं. पलीकडला बगू."

एजंट आपणहून प्लॉट नको म्हणतोय हे मी पहिल्यांदाच बघत होते. माझा संशय कमी व्हायचा तर उलट वाढला. ह्यात ह्याचं काय आहे? हा प्रश्न तेव्हा जो डोक्यात शिरला तो पुढं बरीच वर्षं मुक्कामाला राहिला.

पलीकडचा प्लॉट घेतला, घर बांधलं आणि रिकामपणी ह्या माणसाची चौकशी करत बसले. चौकशी हा माझ्या हाडाचाच गुण आहे. कळलं ते असं, की हंबीरराव इथलेच. तरुणपणी एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, होते. तिथं नवी यंत्रं आली आणि माणसं घरी बसली. तेव्हा तालमी-मंडळांच्या स्पर्धांना मैदान आखून द्यायचं काम ते हौसेनं करत. दोरी न लावता त्यांची रेघ सरळ येते असा लौकिक होता. पुढं आजूबाजूच्या उसाच्या रानांचे प्लॉट पडायला लागले, तसे लेआउटवाले त्यांनाच बोलवू लागले. हे रेघा ओढत असताना बघायला आलेली माणसं ह्यांनाच हळूच विचारायची, 'ह्यातला बरा कुठला?' असं करत फक्कीवाले हंबीरराव एजंट झाले. त्यांच्या बायकोला, बयाबाईंना, विचारलं तर म्हणाल्या, "धंदा बदलला, पर माझी फरशी काय पांढरी व्हायची थांबली न्हाय."

माझ्या शेजारी सोनूबाई आणि त्यांचा मुलगा धम्मपाल राहतात. धम्मपाल सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये आहे. त्यांचं घरही असंच आधी जमिनीवर काढलेलं. बुद्धवंदनेची जागा कुठं हवी ह्यावर मायलेकांचं एकमत होईना, म्हणून हंबीररावांनी तिथली भिंत पुसून पुसून पुन्हा काढली होती म्हणे. आता त्यांना वर एक खोली चढवायची होती. विटा येऊन दारात पडल्या होत्या.

आणि ऐन ऊसतोडीच्या दिवसांत शहराभोवतीच्या वाढीचा प्रारूप आराखडा जाहीर झाला. वस्ती कुठं, शेती कुठं, रस्ते कुठून, हे ठरवणारा मोठा नकाशा. त्यावर हरकती आणि सूचना द्यायला महिन्याची मुदत होती. आमच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. हंबीरराव मात्र कोल्हापूरला जाऊन तो बघून आले आणि संध्याकाळी सोनूबाईंच्या दारात येऊन उभे राहिले. या म्हटलं तरी आत येईनात.

"नकाशातला नवा रोड तुमच्या घरावनं जातोय," ते म्हणाले.

धम्मपालचा चेहरा उतरला. "प्लॉट तुम्हीच दिलाय की. तेव्हा माहीत नव्हतं?"

"न्हवतं. वरनं काढलेल्या ज्या जुन्या फोटोवर नकाशा केलाय त्यात आपली वसाहतच न्हाय. नुसता ऊस दिसतोय."

"मग आता काय करायचं?"

"मी हाय," एवढंच म्हणून ते गेले. हे उत्तर झालं का? मला तर त्यांचा राग आला. सोनूबाई उठल्या. त्यांनी विटांवर ताडपत्री ओढली आणि चारी बाजूंनी दगड ठेवले.

वसाहतीनं मग जे सगळे करतात तेच केलं. एकानं अर्ज लिहिला, 'सदर रस्ता आम्हास मान्य नाही', बाकीच्यांनी त्याच्या झेरॉक्स काढून खाली सह्या ठोकल्या. हंबीररावांनी तो वाचून परत केला. "नुसतं नको म्हनून भागत न्हाय. रोड लागणार हाय. आत्ता उसाचं ट्रॅक्टर शाळंपुढनं जात्यात, त्ये तुमास्नी चालतंय व्हय? आपन नको म्हनलं तर ते दुसऱ्या कुनाच्या तरी घरावनं काढतील. कुठनं न्यायचा ते आपनच सांगाय पायजे."

"कुठनं?" मी विचारलं.

"पाणंदीनं."

पाणंद म्हणजे शेतातून जाणारी जुनी गाडीवाट. वसाहतीच्या मागून, उसाच्या मधून ती हायवेकडच्या रस्त्याला जाऊन मिळते. गावच्या नकाशात ती आहेच. दोन्ही अंगच्या शेतकऱ्यांनी थोडी थोडी पट्टी सोडली तर घर एकही जात नव्हतं, आणि पट्टी सोडेल त्याला मोबदला मागता येत होता. ग्रामसभेत हंबीररावांनी हे इतकं नीट समजावून दिलं, की माझ्यासारखीही मान डोलवायला लागली. तेवढ्यात विजयसिंह उठले. पाणंदीला लागून त्यांचा मोठा ऊस आहे.

"सगळं पटलं. पाणंद जितं रस्त्याला मिळती तितल्या कोपऱ्यावरचा तुकडा कुनाचा हाय, तेवढं सांगा."

हंबीरराव हातातल्या कागदाची घडी घालायला लागले.

"मी सांगतो. ह्येंचाच हाय. गेल्या सालीच घेतलाय. रोड झाला की सोनं हुतंय त्याचं."

सभा तिथंच मोडली. लोक चपला झाडत उठून गेले. आणि मला, खरं सांगायचं तर, जिंकल्यासारखं वाटलं. सापडलं की, ह्यात ह्याचं काय आहे ते! पण शेजारी धम्मपाल मान खाली घालून बसला होता. त्याला बघितलं आणि त्या जिंकण्यात काही राम उरला नाही.

परत येताना मी हंबीररावांना गाठलंच. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर कुनी ऐकलं असतं का, आक्का?"

"आणि आता कोण ऐकतंय?"

त्यांनी स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर पाणंदीच्या कोपऱ्यावर हंबीरराव वाकलेले. आधी स्वतःच्या तुकड्याभोवती त्यांनी फक्कीची ठसठशीत चौकट काढली आणि आत हातभर उंचीच्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. येणारा-जाणारा थांबला की सांगायचे, "ही जागा माझी. रोड हितनं झाला तर हिची किंमत वाढनार. आता म्होरं बगा." मग पाणंदीच्या दोन्ही अंगांनी नव्या रुंदीच्या रेघा ओढत गेले. ते झाल्यावर नकाशातल्या रस्त्याच्या रेघा वसाहतीतून ओढायला घेतल्या. सोनूबाईंच्या उंबऱ्याशी आले आणि हात थांबला.

"आतनं बी वढा," सोनूबाई म्हणाल्या. "लोकास्नी दिसू दे."

फरशीवरून, कॉटखालून, बुद्धवंदनेच्या जागेवरून ती पांढरी रेघ मागच्या दारानं बाहेर पडली. दिवसभर लोक बघून जात होते. आत येताना चपला काढत होते आणि रेघेवर पाय पडू देत नव्हते. नकाशावर ह्याच रेघेला कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

पण विजयसिंह हटेनात. त्यांचं म्हणणं एकच, पाणंदीचं सोंग फक्त तुकड्यासाठी चाललंय. मग माझ्यातली कंट्रोलर जागी झाली. म्हटलं, "वळण रेघेत छान दिसतं. गाडी घालून बघितलीय का कुणी? स्टँडच्या आवारात असली कागदावरची वळणं मी पुष्कळ बघितलीत." हंबीररावांना पकडायचा माझा हेतू अजून पुरता गेला नव्हता, हेही त्यात होतंच.

गुंडू हा तिथलाच ट्रॅक्टरवाला. तो कारखान्यावर ऊस टाकून मोकळा ट्रॅक्टर घेऊन येत होता, मागं एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्याला थांबवलं आणि सांगितलं, पांढऱ्या रेघांच्या आतून वळून दाखव. गुंडूनं ट्रॅक्टर सावकाश घातला. तोंड व्यवस्थित वळलं. पहिली ट्रॉली रेघेला घासत आली. दुसरीचं आतलं चाक मात्र रेघ ओलांडून थेट हंबीररावांच्या चौकटीत शिरलं आणि त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून निघून गेलं.

कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले.

"परत घालू का?" गुंडूनं विचारलं. परत घातला. परत तेच.

वळण मोठं करायचे दोनच मार्ग होते. एक तर ट्रॅक्टरनं आधी बाहेरच्या अंगाला वळसा घ्यायचा, म्हणजे विजयसिंहांचा ऊस जायचा. नाही तर आतला कोपरा छाटायचा, म्हणजे हंबीररावांचा तुकडा जायचा. विजयसिंह आपल्या उसापुढं जाऊन उभे राहिले. हंबीरराव उकिडवे बसून चाकोरीकडं बघत होते. त्या तुकड्यात फौंड्री सुटल्यापासूनची शिल्लक घातलेली आहे आणि तिथं बयाबाईंना पिठाची गिरणी टाकायची आहे, हे मला माहीत होतं. गाडी घालून बघा असं मी बोललेच नसते तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

मग हंबीरराव उठले, पायानं स्वतःची चौकट पुसली आणि फक्कीचं पोतं घेऊन चाकाच्या मागोमाग नवी रेघ ओढत गेले. त्यांची रेघ वाकडी आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तुकड्याचा बहुतेक भाग रस्त्यात गेला. उरला एक तिकोना, त्यात गिरणी काय, पाण्याची टाकीही मावली नसती.

विजयसिंह पुढं आले. "सूचना लिवताय न्हवं? माझ्या अंगची पट्टी पयली लिवा."

त्यानंतर बाकीच्यांची तोंडं आपोआप मिटली. सूचना एकच गेली, पाणंदीच्या नकाशासकट आणि दोन्ही अंगच्या शेतकऱ्यांच्या सह्यांसकट. सुनावणीला आम्ही सगळे कोल्हापूरला गेलो. समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हंबीररावांना विचारलं, "तुम्ही जमिनीचे व्यवहार करता. ह्या रस्त्यात तुमचं स्वतःचं काही आहे?"

"हाय. कोपऱ्यावरची जागा," हंबीरराव म्हणाले. "पर वळनात चाललीया. तेवढा मोबदला तुमच्या नियमानं द्या."

बाईंनी नकाशा जवळ ओढून तो कोपरा बघितला आणि वळण असं गोल का काढलंय ते विचारलं. मग गुंडूच्या दोन ट्रॉल्यांची हकिकत मी सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि प्रत्यक्ष जागा बघायला येते म्हणाल्या. खरंच आल्या. सोनूबाईंनी फरशीवरची रेघ तोपर्यंत पुसू दिली नव्हती, तिच्या कडेकडेनं केर काढत होत्या.

अंतिम आराखडा यायला पुढचा पावसाळा उलटला. रस्ता पाणंदीवर गेला होता. धम्मपालनं ताडपत्री ओढून काढली, तर खालच्या विटांवर हिरवं शेवाळ धरलेलं. तशाच धुऊन वापरायच्या ठरल्या.

त्या संध्याकाळी हंबीरराव कोपऱ्यावर दिसले. मी गेले आणि इतकी वर्षं पोसलेला प्रश्न एकदाचा विचारून टाकला. "खरं सांगा, ह्यात तुमचं काय होतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग म्हणाले, "आक्का, तुमी गाडी सोडलासा की मानसं निगून जायाची. माझी कुटं जात्यात? ज्याला जागा दिली त्योच सकाळी डेअरीवर दूध घालताना फुडं असतोय. इकून पळून जायाला मला जागा कुटं हाय?"

आणि लगेच पोत्यात हात घालून त्या उरलेल्या तिकोन्यात त्यांनी रेघा ओढायला सुरुवात केली. मागं एक लांब रेघ, बाजूंना दोन आखूड, पुढचं अंग मोकळं.

"हे काय?"

"रोड झाल्यावर एस.टी. येनारच की हितनं. मानसं उनात कुटं थांबायची?" त्यांनी हात झटकले. "तुमची माहिती हाय त्यातली. आत येऊन हुबं ऱ्हावा, आनि गाडी लांबनं दिसती का बगा."

मी आत जाऊन उभी राहिले.