पेन्सिलीच्या फुल्या

त्या दुपारी आम्ही अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. म्हणजे सोलत मी होतो, बायको पुस्तक वाचून दाखवत होती. आमचं ठरलेलंच होतं, हात माझे अन् तोंड तिचं. ती अमरावतीची, मॅट्रिक झालेली. मी चौथीतून शाळा सोडली. अक्षर लावत वाचतो, पण ओळ संपेस्तोवर तिचं पहिलं टोक विसरतो.

पुस्तक गोऱ्यांच्या राज्यातलं. लिहिणाऱ्यानं शंभर वर्षं पुढचं एक राज्य रचलं होतं, पण टोले सगळे तेव्हाच्या सरकारला. त्या राज्यात कोणी मेलं तर रडायलाही कचेरीतून परवाना काढावा लागे. एक म्हातारा परवाना मागायला जातो, तर कारकून म्हणतो, वहीत तुझं नाव नाही, म्हणजे तू नाहीस. इथं ती इतकी हसली की पदर तोंडात धरला.

मला हसू आलं नाही. त्या ओळीजवळ पेन्सिलीची फुली होती. पुस्तकभर फुल्या होत्या. बाळापूरच्या वाचनालयात एक रिटायर मास्तर बसतात, तिला पुस्तकं तेच देतात. मग दोन-दोन दिवस घरात तिचं चालायचं, मास्तर असे म्हणाले अन् मास्तर तसे म्हणाले. मला वाटलं, हा फुल्या मारून देतो अन् ही नेमकी तिथंच हसते. चाळीस वर्षांत माझ्या बोलण्यावर ती अशी हसली नव्हती.

"मास्तरले लई आवडते वाटते हे," मी म्हणालो.

"अवो, हे तुमचंच आहे. राशनच्या मशीनवर तुमी अंगठा घासता अन् मशीन म्हणते, असा माणूसच नाही."

मी समजलो, थट्टा करून राहिली. ती सोले, ते ओले दाणे, घेऊन चुलीकडं गेली. मी खोडरबर शोधलं अन् पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकूणएक फुली पुसून काढली. संध्याकाळी भाजी झाली, जेवलो. पुस्तक गुपचूप फळीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, पण ती घरी परत आली नाही.

दहाव्याला मास्तर आले. पाहुणे उठल्यावर मी पुस्तक त्यांच्यापुढं टाकलं.

"घ्या. तुमच्या फुल्या पुसल्या म्या."

मास्तरांनी पानं उलटली. "माझ्या नव्हत्या, भाऊ. वाचनालयाचं पुस्तक खराब करू नका म्हणून मीच वहिनींना रागावलो होतो. त्या म्हणाल्या, आमच्या घरचे ऐकता ऐकता कंटाळले की उठून जातात. त्यांना आवडंल तेवढंच वाचते, म्हणून खूण करते."

पुस्तक त्यांनी तिथंच ठेवलं अन् गेले. मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही. पण आधी जळलो. हे तिनं त्याला सांगितलं, मला काहून नाही सांगितलं? मग आठवलं, त्या दुपारी सांगितलं होतं, हे तुमचंच आहे. मीच ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन अंगणात बसलो. पेन्सिल दाबून धरायची तिची सवय, म्हणून कागदावर वळ राहिले असतील असं वाटलं. बोटांना काही लागेना, कामानं झिजलेली बोटं. पान उन्हात तिरपं धरलं तेव्हा एक फुली दिसली. तिच्यावरूनच पेन्सिल फिरवली, अन् शेजारची ओळ अक्षर लावत मोठ्यानं वाचली.