चुन्याची रेघ

माझ्या थोरल्या मामांच्या आज्ञेबाहेर साऱ्या कुंडल गावात एकच जीव होता, आणि तो त्यांनीच पाळला होता. मामा पहिल्या महायुद्धातून हवालदार होऊन आले, पण पलटण काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. म्हैस गोठ्यात वाकडी उभी राहिली तर तिलाही ते सरळ करीत. मला शिकायला त्यांनीच घरी ठेवून घेतले. मी आज बी.ए. आहे तो त्यांच्या पहाटेच्या हाकांमुळे. पुस्तक उघडले की मागून ऐकू येई, "पाठ सरळ कर रं, वाकड्या पाठीत ईद्या शिरत न्हाई."

त्यांचा कुत्रा मात्र फाटक उघडे दिसले की सुटे. त्या हिवाळ्यात समोरच्या रानात खतासाठी धनगराची मेंढरं बसवली होती. कुत्रा कळपात घुसला, तेव्हा धनगर दारात येऊन बजावून गेला, "पुन्यांदा आलं तर कुऱ्हाड घालीन. मागनं बोलू नगा."

मामांनी त्याच दिवशी फाटकात चुन्याची रेघ ओढली आणि कवायत सुरू केली. रोज संध्याकाळी ते कुत्र्याला घेऊन रेघेपर्यंत चालत, पाय आपटून "हाल्ट!" म्हणत आणि भाकरीचा तुकडा देत. कुत्रा तुकडा खाई आणि रेघ ओलांडी. मग मामा त्याला मानगूट धरून माघारी आणीत. त्याने धडा घ्यावा म्हणून सगळ्यांनीच रेघेपाशी थांबायचे, असा हुकूम निघाला. थोड्याच दिवसांत मी थांबू लागलो, ताक मागायला येणाऱ्या बाया थांबू लागल्या, म्हैसही थांबू लागली.

"समदी शिकली, कुत्रं तेवढं ऱ्हायलं," मामी म्हणाल्या. "आवं, त्येचं नाव कप्तान ठेवलंय तुमी. हवालदाराचं कसं ऐकंल त्यो?"

एका सकाळी कप्तान सुटला तो थेट मेंढरांत. धनगराने कुऱ्हाड उचलली. मामा धावले खरे, पण रेघेपाशी पोचताच सवयीने पाय आपटून थांबले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "हाल्ट!"

कप्तानाने वळूनही पाहिले नाही. धनगराची कुऱ्हाड मात्र हवेतच राहिली आणि टाचा जुळल्या. गडी दुसऱ्या महायुद्धातून नुकताच परतला होता.

"कंची पलटन रं?" मामांनी तिथूनच विचारले. मग दोघे बांधावर बसले. मामींचा चहा निवून गेला तरी बोलणे सरेना. उठताना धनगर म्हणाला, "हवालदार, कोंडून न्हाई भागायचं. माज्याकडं सोडा त्येला, मेंढरांची वळख करून देतो."

कप्तान दिवसभर तिकडे राहू लागला. कळपाभोवती असा फिरे, की एक कोकरू बाजूला जाऊ देत नसे. मामा फाटकातून बघत आणि तक्रारीच्या सुरात म्हणत, "तितं बरा ऐकतो!"

मेंढरं पुढच्या गावाला हलली, तेव्हा कप्तानही त्यांच्यामागे निघाला. धनगर थांबला, वळून मामांकडे पाहू लागला. मामा रेघेपाशी ताठ उभे होते.

"मामा, हाक मारा की," मी म्हणालो.

"गप रं," मामा म्हणाले. "आन् आज पयल्यांदाच ऐकलं तर?"