गोठ्यातला आरसा

लग्न नात्यातलं होतं, म्हणून मीही वरातीत होते. उस्मानपुऱ्यातून नवरदेव मारुतीला निघाला आणि आमची घोडी एका कापडाच्या दुकानासमोर थांबली ती हलेचना. दुकानाची अख्खी दर्शनी बाजू काचेची. घोडी काचेत बघायची, डावा गाल पुढच्या पायाला घासायची, पुन्हा बघायची. नवरदेव घसरत तिच्या मानेवर आला, फेटा रस्त्यात पडला आणि पाहुण्यांनी माझ्या दिरांचा चारचौघांत उद्धार केला.

"काचंत दुसरी घोडी बघून बिथरली," दीर म्हणाले.

मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. निघताना करवलीनं लाडात येऊन हळदीचा अख्खा पंजा घोडीच्या डाव्या गालावर उमटवला होता. दुकान मागं पडलं तेव्हा गाल स्वच्छ होता. हे मी सांगितलं तर सगळे हसले. हसोत बापडे.

घोडी दिरांची, पण दौलताबादच्या घरी तिचं चारापाणी सहा वर्षं माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी दिरांनी गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याला बोलावलं. आमच्याकडं घोड्याच्या अंगावर केस कुठं गोल फिरलेत ते भोवरे बघून त्याचं नशीब ठरवतात. घेताना ह्याच बाबांनी तिला शुभ ठरवलं होतं. आता त्यांना डाव्या जबड्याखाली नवा भोवरा सापडला.

"खोड हाय. दारात ठेवू नका."

खोडीची घोडी वरातीला कोणी लावत नाही. तिच्या नशिबी वीटभट्टीवर ओझी ओढणं. भट्टीवाला शनिवारी येणार असं ठरूनही गेलं. किंमत ठरवायला दिरांनी आणि बाबांनी तिचे दात बघितले, अंगणात चालवून बघितलं. मला बघायला आले होते तेव्हा मलाही असंच चालून दाखवायला लावलं होतं, आणि मी खाली मान घालून चालले होते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी माझ्या लग्नातल्या कपाटाचा आरशाचा दरवाजा उतरवला आणि गोठ्यातल्या खांबाला बांधला. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. घोडी आधी आरशाच्या मागं जाऊन बघून आली. तिथं कोणी नव्हतं. मग समोर उभी राहून तिनं जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. दोन दिवस तिचं हेच चाललं होतं.

शनिवारी भट्टीवाला आला. बाबा तंबाखू मळतच आले आणि त्याच बोटांनी तिचा जबडा दाबून भोवरा दाखवू लागले. तिच्या तांबूस गालावर चुन्याचा पांढरा पट्टा उठला. घोडीनं आरशात पाहिलं, खांबाकडं सरकली आणि गाल घासून पट्टा काढून टाकला.

"चुना झोंबला आसंल," दीर म्हणाले.

"बरं," मी म्हणाले. बाबांच्या डबीतला चुना घेतला, आरसा उलटा फिरवला आणि तिच्या उजव्या गालाला लावला. घोडी निवांत कडबा खात राहिली. चांगला वेळ गेला. मग मी आरसा सरळ केला. तिनं मान वर केली, बघितलं आणि उजवा गाल खांबाला घासला.

दिरांनी तिचे दोन्ही गाल निरखून बघितले. शेवटी दीर म्हणाले, "वहिनी, आसंल लई हुशार. पण खोड ती खोड. लोक काय म्हनतील?"

"भाऊजी, तिला आपला चेहरा कळतो. ती भट्टीवर जाणार नाही. न्यायचीच असेल तर आधी मला इथून हलवा." घोडीची दोरी मी हाताला गुंडाळली आणि गोठ्याच्या दारात उभी राहिले.

भट्टीवाल्यानं एकदा माझ्याकडं, एकदा दिरांकडं बघितलं आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. दीर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घोडी मात्र आजही दारात आहे आणि आरसाही गोठ्यातच आहे.

त्या दिवशी बाबाही पुटपुटत उठले. जाताना आरशाच्या अगदी समोरून गेले, त्यात बघितलंही. त्यांच्या मिशीला केवढा तरी चुना लागला होता. मिशीवरून रुबाबात हात फिरवून ते तसेच गावात गेले. मी सांगितलं नाही.