लष्कराचे दोर

मुरुडच्या किनाऱ्यावर काथ्याचे दोर वळणारा एक म्हातारा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आपला प्रत्येक दोर तो माडाला बांधून स्वतः त्याला लटकायचा आणि मगच विकायचा.

एकदा तिथंच एक कंत्राटदार लष्कराच्या बोटींसाठी दोर पास करून घेत होता. तपासनीस साहेब छत्रीखाली बसून कंत्राटदाराकडचं तळलेलं पापलेट तपासत होते. शिपाई न बघताच दोरांवर शिक्के मारत होता. म्हाताऱ्याचा भाऊ त्याच बोटींवर खलाशी होता.

"रावसाहेब, एकडाव लटकून बगा की," म्हातारा म्हणाला.

"लष्करातलं तुला काय कळतं रे?" कंत्राटदार हसला.

"लष्करातलं न्हाय कळत. दोरातलं कळतंय."

त्यानं कोयत्यानं एक दोर तोडला. वर नवा काथ्या, आत कुजक्या जाळ्यांच्या चिंध्या. साहेबांनी हात पुसले आणि सरकारी मालाची नासधूस केली म्हणून म्हाताऱ्यालाच पोलिसांच्या हवाली केलं. बाकीचे दोर मुंबईला गेले.

जाताना तो मला म्हणाला, "मास्तर, भावाला सांगा, दोर ताणला की लांब उभा ऱ्हा."

निरोप द्यायला मी मुंबई गाठली. धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानं मला आत सोडलं नाही. म्हणाला, "लष्कराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."