गुंडीचा टाका

सत्याचा शोध कधी थांबत नाही म्हणतात. आमच्याकडे तो जेवणाच्या सुट्टीत थांबतो. काल ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि ती दुपार आठवली. ताडकळसच्या बाजाराला गेलेले माझे चुलते तीन वर्षं परतले नव्हते. अशात चुडाव्याजवळ रुळांवर एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, म्हणून कपडे दाखवायला काकूला पोलीस ठाण्यात बोलावलं. साहेबांचं जेवण झाल्यावर हवालदारानं डांबरगोळ्या घातलेलं गाठोडं सोडलं. "बाई, हेच तुमचे मालक. सही करा, तुमीबी सुटा, आमीबी सुटतो." शिकलेला पुतण्या म्हणून मीही पेन पुढं केलं. काकूनं शर्ट उलटा करून गुंडी चाचपली. "मी दोरा फुलीत घालते. ह्यो सरळ हाय. दुसऱ्या कुणाचा तरी मालक हाय ह्यो, साहेब. ती बाई वाट बघायली असंल." "अन् तुमचे?" "ते तुमी हुडका की!" पदर सावरून ती निघाली. तिच्या मागं चालताना माझीच मान ताठ झाली होती, आणि आजही तो प्रसंग सांगताना होते. परवा रेशन दुकानातून निरोप आलाय: कार्डावरचं नाव टिकवायचं असेल तर चुलत्यांनी स्वतः येऊन अंगठा द्यावा.