काळी चमकी आणि माझी एक ओळ

चमकीची नेलपॉलिश लावायला दम धरावा लागतो. पहिला हात फसवा निघतो: काळा पातळ पट्टा, त्यात चमकीचे चार कण, मधूनमधून नख उघडंच. पहिल्यांदा मला वाटलं, दुकानदाराने जुनी बाटली गळ्यात मारली. मग कळलं की इथे ब्रश ओढायचा नसतो, टेकवत जायचा असतो. दुसऱ्या हाताला रंग धरतो. तिसऱ्यानंतर उजेडात बोट फिरवलं की काळ्यातून निळं-जांभळं काहीतरी चमकून जातं. मला हे आवडतं. एवढं साधं वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील आंबीच्या एका कारखान्यात कामाला आणि कामगार संघटनेत. वडिवळ्याच्या आमच्या घरात खाटेखाली भाताच्या बियाण्याचं पोतं आणि त्याला टेकून पत्रकांचे गठ्ठे असायचे. घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. ‘बंधू-भगिनींनो’ हा मी वाचलेला पहिला जोडशब्द. भांडायचं तर कागदावर, सही करून, हे मला शाळेने नाही, त्या गठ्ठ्यांनी शिकवलं.

नववीत असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. गावातल्या बायकांचं हळदीकुंकू मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात व्हायचं, तिथे ते उभं राहून वाचलं. हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवा, असं त्यात होतं. ते आजही मी शब्द न बदलता वाचेन. पण शेवटी टाळ्या पडाव्यात म्हणून मी एक ओळ टाकली होती: ‘रंगवलेल्या नखांच्या हाताची मूठ कधी वळत नाही.’ टाळ्या पडल्या. वडिलांनी कामशेतहून शंभर झेरॉक्स आणल्या.

आईकडे तेव्हा एक बाटली होती. कार्ल्याच्या यात्रेतून आणलेली, काळी, चमकीची. भिंतीतल्या देवळीत कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलेली असायची. लावणी उरकली, हातांचा चिखल सुटला की आई ती काढायची आणि उंबऱ्यात बसून दहाही नखं रंगवायची. त्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी तिने ब्लेडने नखं खरवडली. बाटली देवळीतून गेली. मी ते पाहिलं आणि मला अभिमान वाटला. माझं पत्रक पहिल्यांदा कुणीतरी अमलात आणलं होतं.

आता मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. सुट्टीच्या दिवशी खोल्या साफ करणाऱ्या बायकांच्या बैठकीला जाते. त्यांना आठवड्याची सुट्टी हवी आहे, त्यांची पत्रकं मी लिहिते. डिसेंबरातल्या एका बैठकीला वडिलांचे जुने सोबती आले होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. आदल्याच दिवशी मी ही काळी चमकी लावली होती.

“काय गं, रंगवलेल्या नखांची मूठ वळत नाही म्हणे. कुणी लिहिलं होतं ते?”

“मीच, भाऊ.”

“मग?”

मी मूठ वळून त्यांच्या नाकासमोर धरली. बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, “भाऊ, सांभाळा, लागंल!” तेही हसले आणि विषय पुढे गेला. माझा मात्र जाईना. त्या बायकांपैकी तिघींची नखं रंगवलेली होती, आणि त्याच हातांनी त्या रोज वीस-वीस खोल्या घासत होत्या. ओळ माझीच होती आणि ती खोटी होती. त्या खोट्या ओळीपायी एक बाटली गेली होती.

पुढच्या सुट्टीला नवी बाटली घेऊन घरी गेले. आई पडवीत तांदूळ निवडत होती.

“आई, हात दे.”

“कशापायी?” तिने बाटली पाहिली. “ठेव ती. या वयात मला काय नटवतीस?”

“तुझी बाटली माझ्यामुळे गेली.”

“तुझ्यामुळं कशाला? मीच टाकली.”

“माझ्या पत्रकाला घाबरून.”

आईने सुपातून मान वर केली. “कागदाला कोन भितंय गं? तू चार बायांम्होरं बोललीस. दुसऱ्या दिशी मी रंगवलेली बोटं घिऊन पान्याला गेले असते, तर काय म्हनल्या असत्या? लेक सांगती एक, आई करती एक. तुजा शब्द पडला असता.”

मला वाटत होतं, मी तिला पटवलं. तिला काहीच पटलं नव्हतं. तिने फक्त माझी बाजू राखली होती. दहा वर्षं.

“मग आता तरी लाव,” मी म्हणाले.

“आता बी तेच. तुजा शब्द हाय तितंच हाय की.” तिने खडा उचलून अंगणात टाकला आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली.

म्हणजे बाटली देऊन भागणार नव्हतं. जिथे ओळ वाचली तिथेच ती मागे घ्यायची होती, कागदावर, सही करून. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू पंधरा दिवसांवर होतं. मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

वडिलांनी मसुदा वाचला. “पत्रकात चूक कबूल करत नसतात. समोरच्याला आयतं मिळतं.”

“समोर कोण आहे, आबा? आईच आहे.”

ते उठून बाहेर गेले. हळदीकुंकवाच्या सकाळी पाहते तर सगळ्या झेरॉक्सच्या घड्या घालून झालेल्या, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, तीन पदरी, काठाला काठ लावून.

मांडवात तीसेक बायका होत्या. नवरा गेलेल्या दोघीही होत्या. त्या आता दरवर्षी येतात. आई तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. मी उभी राहिले आणि वाचलं: ‘नववीत असताना मी इथे एक ओळ वाचली होती. रंगवलेल्या नखांच्या हाताची मूठ वळत नाही, अशी. ती ओळ चुकीची होती. ती मी मागे घेते. त्या पत्रकातलं बाकी सगळं कायम आहे.’

टाळ्या पडल्या नाहीत. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग शेजारच्या मावशी म्हणाल्या, “आत्ता गं बया! मी बी तवा माजी बाटली सुनेला दिऊन टाकली व्हती. मला वाटलं, पोरगी शिकलेली, बुकात बगून सांगती.”

“बुकात नव्हतं, मावशी. मनाचंच होतं.”

“मग आदी सांगायचं न्हाई व्हय?”

हशा पिकला. तेवढ्यात आईने ताट खाली ठेवलं. हात धुऊन, पदराला पुसून ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

“लाव. पर तीन हात. मला फिकं आवडत न्हाई.”

मी पिशवीतून बाटली काढली. तिचे हात मी इतक्या जवळून कधी धरले नव्हते. डाव्या अंगठ्याचं नख विळ्याने मधोमध चिरलेलं आणि तसंच जाड वाढलेलं. करंगळीचं पिवळट. चिरेवर ब्रश अडायचा, तिथे मी दोनदा टेकवला. पहिला हात झाला तेव्हा मावशी वाकून म्हणाल्या, “ह्ये तर शेणावानी दिसतंय.” दुसऱ्याला गप्प बसल्या. तिसऱ्याला म्हणाल्या, “मला बी लाव गं.”

“आई, आता दहा मिनिटं मूठ वळू नको. पॉलिश ओली आहे.”

“म्हंजी दहा मिनिटं तुजं वाक्य खरं!” आई म्हणाली, आणि अख्खा मांडव हसला.

तिळगुळाचं ताट अर्ध्यावर राहिलं होतं. आई सवयीने उठू लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि ताट मावशींच्या सुनेने उचललं. बोटं फाकून, हात गुडघ्यांवर ठेवून आई बसून राहिली. मांडवातली कामं तिच्या भोवतीने होत राहिली. मधेच ती हात उन्हात धरून फिरवून पाहायची. दहा मिनिटं होऊन गेल्याचं मी तिला सांगितलं नाही. बाटली घेऊन मी मावशींकडे वळले.