पाहुण्यासाठी शिंपलेला रस्ता

ते कलकत्त्याचे नावाजलेले राजकीय पत्रकार होते. सरकारं बनताना आणि कोसळताना त्यांनी जवळून पाहिली होती, त्यावर जाडजाड पुस्तकं लिहिली होती. दुष्काळात सहकारी संस्था काय करतात ते बघायला ते उमापूरकडे आले, तेव्हा माझ्याच जीपमधून फिरले. कोणी बोलू लागलं की चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसायचे आणि माणसाला पुरतं बोलू द्यायचे.

साखर कारखान्याच्या चेअरमननं चारा छावणीवर त्यांचा सत्कार ठेवला होता. पोचलो तर मांडवापर्यंतचा रस्ता ओलागच्च! बाजूला रिकामा टँकर, आणि टँकरमागं रिकाम्या घागरी घेऊन उभ्या बाया.

"धूळ लई हाय ना सायेब, तुमच्यासाटी पानी मारलं," चेअरमन हात जोडून म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्रकार मात्र मांडवाकडे न जाता बायांकडे गेले. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "कशाला आलाव बाबा? तुमी आला नसता तर घागर भरली असती माजी."

तिचं बोलणं मी त्यांना हिंदीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"माँ ठीक कहती है। इस चोरी में मैं भी हूँ। यही लिखूँगा," म्हणाले आणि जीपमध्ये येऊन बसले.

मागं टाळ्या वाजल्या. वळून बघितलं, तर चेअरमन पाहुण्यासाठी आणलेली शाल तालुक्याच्या पुढाऱ्याच्या खांद्यावर टाकत होते. टँकरभर पाणी मातीत घातलं, पण एक शाल वाया जाऊ दिली नाही!